पडलेलं, जखमी कासव खात नाही: आधी काय बघायचं, नंतर काय

“ताई, बावीस दिवस झाले. कशाला तोंड म्हणून लावत नाही.”

“काका, पाणी किती अंशांवर आहे?”

“पाणी? नळाचं आहे की.”

ठाण्याच्या नौपाड्यातले हे काका असोत, ऐरोलीतली कॉलेजची पोरगी असो, नाहीतर घोडबंदर रोडवरचं नवं जोडपं असो, डिसेंबर ते फेब्रुवारी मला येणारे फोन साधारण असेच सुरू होतात. कासव हातातून निसटलं, ओट्यावरून पडलं, दारात चेंगरलं, शेजारच्या कुत्र्याने उचललं. जखम झाली, ती भरायलाही लागली, पण खाणं बंद ते बंदच. मग घरातले हळद लावतात, देव पाण्यात ठेवतात, आणि दुकानदाराने दिलेली व्हिटॅमिनची बाटली टबात रिकामी करतात.

मी डॉक्टर नाही. वर्तकनगरला राहते, एका ऑफिसात हिशेब बघते, आणि गेली अकरा वर्षं माझ्या घरात बंड्या नावाचं लाल कानाचं कासव आहे. बंड्या मादी आहे हे सहाव्या वर्षी कळलं, ते कसं ते पुढे येईल. बंड्याच्या पहिल्या पडण्यापासून शिकत गेले. मग बिल्डिंगमधल्यांची आणि पुढे ओळखीच्यांच्या ओळखीतली कासवं हाताखालून गेली. बिघाड तेच आणि चुकाही त्याच. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

लक्षणं नीट बघा, “खात नाही” एवढं पुरत नाही

मला फोन केलात तर मी पहिल्यांदा हेच विचारणार: नक्की कसं खात नाही?

अन्नाकडे येतं, तोंड उघडतं, पण घेत नाही, किंवा घेऊन टाकून देतं? मग भूक आहे, अडचण तोंडाची, जबड्याची, किंवा गिळण्याची आहे. अन्नाकडे बघतच नाही, दिवसभर कोपऱ्यात डोळे मिटून पडलेलं असतं? मग थंडी किंवा डोळे. सारखं टबाच्या भिंतीवर चढायची धडपड करतं, मागच्या पायांनी उकरतं, आणि खात नाही? मग अंडी. पाण्यात जायलाच नको म्हणतं, सोडलं की लगेच बाहेर येऊन बसतं? मग पाणी खराब आहे किंवा आत काहीतरी मुरलंय.

हे एका कागदावर लिहा, तारखेसकट. पडलं कधी, शेवटचं खाल्लं कधी, शेवटची शी कधी दिसली. पुढे डॉक्टरकडे जायची वेळ आली तर हाच कागद तुमचा अर्धा वेळ वाचवतो.

आता पुढच्यापैकी काहीही दिसत असेल तर ही पोस्ट वाचत बसू नका, डॉक्टर गाठा:

- स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नाही.
- कवचाची चीर दाबल्यावर हलते, आतलं ओलं गुलाबी दिसतं, किंवा चिरेतून बुडबुडे येतात. कासवाची फुफ्फुसं पाठीच्या कवचाला आतून लागूनच असतात, त्यामुळे पाठीवरची खोल चीर ही नुसती कवचाची बाब राहत नाही.
- मान ताणून, तोंड उघडून श्वास घेतं, नाकातून फेस येतो, किंवा पोहताना एका बाजूला कलतं.
- मागचे पाय ओढत चालतं.
- शेपटीखालून मांसल भाग बाहेर आलाय आणि आत जात नाही.
- जखमेत अळ्या दिसतात.
- कुत्र्याचा किंवा मांजराचा चावा आहे, दिसायला कितीही छोटा असो.

शेवटच्या मुद्द्यावर लोक वाद घालतात. “एवढासा तर दात लागलाय.” दात एवढासा लागतो, पण घाण आत खोल जाते आणि वरून कातडी मिटते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, चक्क्यासारखा घट्ट होऊन आत बसून राहतो. तो गोळ्यांनी विरघळेल म्हणून थांबलात तर थांबतच राहाल.

जखमेचं थोडक्यात

मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, म्हणजे केमिस्टकडच्या सलाइनने धुवा. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं करून लावा. कोरडी, स्वच्छ जागा, वरून मच्छरदाणीचं कापड. आमच्याकडच्या हवेत माशी जखमेवर बसायला वेळ लागत नाही, आणि माशी बसली की दुसऱ्या दिवशी अळी.

हळद नको, तूप नको, माणसांची वेदनाशामक गोळी नको. चीर बुजवायला झटपट चिकटणारा गोंद किंवा नळ जोडायचं सील तर अजिबात नको. कवच म्हणजे नखासारखी निर्जीव टोपी नव्हे. वरच्या पातळ थराखाली जिवंत हाड आहे, त्यात रक्त आहे, संवेदना आहेत. चीर वरून बंद केली की घाण आत कोंडते आणि हाड कुजायला लागतं. कोपरीतल्या एका मुलाने असं सील लावलेलं कासव आणलं होतं. वरून इतकं गुळगुळीत काम की कौतुक वाटावं. डॉक्टरांनी ते खरवडलं तेव्हा आलेला वास मी विसरलेले नाही.

एक औषध लक्षात ठेवा: आयव्हरमेक्टिन. कुत्र्यांच्या गोचिडांवर, खरजेवर सर्रास देतात, त्यामुळे घरात पडलेलं असतं. कासवांना ते जिवावर बेतणारं विष आहे. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरने कासवाला जंतासाठी काही लिहून दिलं तर त्यात हे नाही ना, एवढं निःसंकोच विचारा.

तुमचं कासव नक्की कुठलं?

डोळ्यामागे लाल पट्टा, अंगावर हिरव्या-पिवळ्या रेघा असतील तर ते लाल कानाचं, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. ही पोस्ट त्याच्यासाठी आहे. लाल पट्टा नाही, पाठ काळी किंवा चामड्यासारखी मऊ आहे, किंवा पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत, तर ते बहुतेक आपल्याकडचं जंगली कासव. ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, घरात ठेवायची नाहीत, उपचारही घरी करायचे नाहीत. पावसात सोसायटीच्या आवारात जखमी सापडलं असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पहिली तपासणी: थर्मामीटर

माझ्याकडे आलेल्या “खात नाही”पैकी बहुतेक कासवं इथेच बरी झाली, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

फिशटँकचा काचेचा थर्मामीटर आणा. माशांच्या कुठल्याही दुकानात मिळतो, एका वडापाव-चहाच्या पार्टीपेक्षा स्वस्त. तो टबात ठेवा आणि पाणी दुपारी नव्हे, पहाटे सहाला मोजा. दुपारी ठाण्यात जानेवारीतही उकडतं, आपण फसतो. पहाटे गॅलरीतल्या टबाचं पाणी अठरा-एकोणीस अंशांवर आलेलं असतं.

कासवाच्या अंगात स्वतःची शेगडी नाही. पाणी जेवढं, तेवढं त्याचं अंग. वीस अंशांच्या खाली त्याचं पचन खूप मंदावतं आणि भूक त्याबरोबर जाते. ते खात नाही हे एका अर्थी शहाणपणच आहे, कारण पचत नसलेलं अन्न पोटात सडतं. जखम भरणं, जंतूंशी लढणं, औषध अंगी लागणं, सगळं याच आकड्यावर चालतं. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन थंड कासवात म्हणावं तसं काम करत नाही.

“पण थंडीत कासवं झोपतातच ना?” हा प्रश्न दर वेळी येतो. झोपतात, त्यांच्या देशात, पाणी दहा अंशांच्या खाली गेल्यावर. आमचं ठाणं त्या बाबतीत धड ना इकडचं ना तिकडचं. झोपायला पुरेशी थंडी नाही, पचवायला पुरेशी ऊब नाही. मधल्या मध्ये कासव नुसतं झिजतं. त्यातही जखमी कासवाला थंडीत पडून राहू देणं म्हणजे उपाशी आणि आजारी दोन्ही ठेवणं.

आकडा असा हवा: पाणी २६ ते २८ अंश, आणि बाहेर बसायच्या कोरड्या जागी ३२ ते ३५. दोन्ही हवंत, कारण कासव स्वतः आत-बाहेर करून अंगाचं तापमान जमवतं.

पाण्यासाठी बुडणारा हीटर, साधारण एका लिटरला एक वॅट. म्हणजे पन्नास लिटरच्या टबाला पन्नास वॅट. प्लॅस्टिकची जाळी असलेला घ्या, कारण कासव काचेला धडका देतं. पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद करून पिन काढा, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. उकळतं पाणी ओतून झटकन गरम करू नका, दिवसभरात हळूहळू चढू द्या.

वरच्या जागेसाठी विटेवर किंवा लादीच्या तुकड्यावर पिवळा बल्ब. हा जुना चाळीस-साठ वॅटचा तारेचा बल्ब. हल्ली इलेक्ट्रिकच्या दुकानात मागितला की दुकानदार आपल्याकडे असं बघतो, जणू कंदील मागितला. एलईडी देईल, घेऊ नका, त्याने उजेड पडतो पण ऊब येत नाही. बल्ब वीतभर-दीड वीत वर टांगा, थर्मामीटर विटेवर आडवा ठेवून अर्ध्या तासाने वाचा, मग उंची बदला. पाणी उडून बल्ब फुटणार नाही एवढं बघा.

हे करून चार-पाच दिवस थांबा. नौपाड्यातल्या काकांचं पाणी साडेअठरा निघालं होतं. हीटर लावल्यावर सहाव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, बोलणं काही नाही, फोन टबाजवळ धरलेला. कोलंबीचं कवच फुटल्याचा आवाज ऐकवत होते.

दुसरी: कोरड्यात ठेवलंय का?

जखमी कासवांच्या बाबतीत ही चूक इतक्या वेळा बघितली आहे की मी आता हसतही नाही.

डॉक्टर सांगतात, “जखम आहे, कोरडं ठेवा.” बरोबरच सांगतात. घरी येऊन आपण कासव बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रावर ठेवतो. बाजूला ताटली, ताटलीत दाणे, पालकाचं पान, कोणी कोणी पोळीचा तुकडा. कासव बघतं, नाक लावतं, तोंडही उघडतं आणि सोडून देतं. पंधरा दिवस. घरात समज असा की जखमेमुळे भूक मेली.

भूक मेलेली नसते. पाण्यातल्या कासवाची जीभ तळाला चिकटलेली, जाड असते. घास मागे ढकलायला ती हलत नाही, आणि घास भिजवायला पुरेशी लाळही नाही. ते पाण्याबरोबर अन्न ओढून घेतं आणि गिळतं. पाणी नाही, तर समोर पंचपक्वान्नं असली तरी घास घशाखाली जात नाही. बंड्याच्या पहिल्या वेळी मी तेरा दिवस कोरड्या खोक्यासमोर कोलंबी धरून बसले होते. तोंडात घेई, पुन्हा टाकी. माझी आई मागून म्हणाली, “अगं, तिला पाणी तरी विचारलंस का?” ती गमतीत म्हणाली होती.

तर करायचं असं. डॉक्टरांना फोन करून एकच विचारा: रोज वीस-तीस मिनिटं उथळ पाण्यात ठेवलं तर चालेल का? जखम पाठीवर वरच्या बाजूला असेल तर बहुधा हो म्हणतात. प्लॅस्टिकच्या घमेल्यात २८ अंशांचं स्वच्छ पाणी, हनुवटी बुडेल पण पाठीची जखम कोरडी राहील एवढंच. आधी अर्धा तास बल्बखाली शेकू द्या, मग घमेल्यात सोडा. पहिली दहा मिनिटं काहीच देऊ नका, त्याला पाणी पिऊ द्या. बरीच कासवं मान बुडवून घटाघटा पितात, घशाची हालचाल दिसते. पंधरा दिवसांची तहान असते ती. त्यानंतर अन्न. बाहेर काढल्यावर जखमेभोवतीचं पाणी स्वच्छ कापडाने टिपा, पुन्हा औषध, पुन्हा कोरडी जागा.

जखम पोटाच्या कवचावर असेल आणि डॉक्टर पाणी नाहीच म्हणाले, तर पाणी आणि अन्न कसं द्यायचं हे त्यांनीच ठरवायचं. घरी सिरिंजने तोंडात काही ढकलू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, फुफ्फुसात जायला वेळ लागत नाही. जबडा उघडायच्या नादात चोचीची कड तुटलेली कासवंही मी पाहिली आहेत.

तिसरी: वजन

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. दर रविवारी, त्याच वेळी, अंग पुसून. मोठं, धडधाकट कासव दोन-तीन आठवडे उपाशी राहिलं तरी मरत नाही, आणि हे समजलं की घरातली निम्मी घबराट उतरते. पण किती झिजतंय हे डोळ्यांना कळत नाही, कवच तेवढंच दिसतं. पडल्याच्या दिवसाच्या तुलनेत दहा टक्के उतरलं तर घरचे प्रयोग थांबवा.

चिल्लर नाण्याएवढ्या पिल्लांना हा हिशेब लागू नाही. ती ऊब नीट असूनही चार दिवस खात नसतील तर पाचव्याची वाट बघू नका.

चौथी: पाणी आणि आजूबाजू

नाक टबाजवळ न्या. वास येत असेल तर त्याला आपल्यापेक्षा जास्त येतो. लघवीतला अमोनिया डोळे आणि नाक चुरचुरवतो. बरं होईपर्यंत पाणी रोज बदला. पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडतं आणि तापमानही खोलीचं होतं. टबात बारीक खडी असेल तर काढून टाका. भुकेलं कासव खडी गिळतं आणि ती आतड्यात अडकते.

टब कुठे ठेवलाय? एसीच्या झोतात, वॉशिंग मशीनशेजारी, अगरबत्तीच्या खाली? सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालंय का नुकतंच? नातवंडं दर दहा मिनिटांनी उचलून “खाल्लं का, खाल्लं का” करतायत का? पडलेलं कासव आठवडाभर माणसाचा हात दिसला की मान आत घेतं. टबाच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवा. फुकटचा उपाय आहे.

पाचवी: डोळे आणि कान

टॉर्च घ्या. पापण्या सुजून फुगलेल्या, बंद आहेत? मग त्याला अन्न दिसतच नाही, आणि कासव मुख्यतः बघून खातं. डबीतले वाळलेले कोळंबीचे दाणे वर्षानुवर्षं खाऊ घातलेल्या कासवांना हे हमखास होतं, कारण त्या दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व नसल्यात जमा. पडण्याचं फक्त निमित्त होतं, दुखणं आधीपासून चालू असतं.

आता डोळ्यामागे, जिथे लाल पट्टा आहे तिथे बघा. तिथे कान असतो. एका बाजूला सुपारीएवढा फुगवटा दिसला तर आत तो घट्ट पू बसलाय. जबडा हलवला की दुखतं, म्हणून तोंड उघडतं आणि सोडतं. हे चिरा देऊनच काढावं लागतं.

दोन्हींवर घरी उपाय नाही. केमिस्टकडची ‘अ’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालू नका, जास्त झालं की कातडी सोलून निघते. डॉक्टर वजनावरून ठरवतील.

सहावी: ऊन

“आमच्या काचेतून मस्त ऊन येतं.” येतं, पण त्यातला कामाचा भाग काचेवरच अडतो. हाडासाठी, कवचासाठी लागणारं ‘ड’ जीवनसत्त्व ज्या अतिनील किरणांनी तयार होतं, ते साध्या खिडकीच्या काचेतून येत नाहीत. तुटलेलं कवच जुळायला कॅल्शियम हवं, आणि कॅल्शियम अंगी लागायला हे ऊन.

सकाळचं वीस-तीस मिनिटं थेट ऊन, प्लॅस्टिकच्या टबात, अर्ध्या भागावर सावली. काचेचा टँक उन्हात ठेवू नका, आत अक्षरशः शिजतं. जवळून हलू नका. कावळे, घारी, आणि मांजर, तिघांचंही लक्ष असतं. ज्यांच्या घरात ऊनच येत नाही त्यांनी, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत सगळ्यांनीच, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब, म्हणजे हे अतिनील किरण देणारी, लावावी. ही खर्चिक आहे, म्हणून क्रमाने इतक्या खाली. ती दिसायला पेटत राहिली तरी तिचे किरण हळूहळू संपतात, वर्षाने बदलावी लागते.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातलं समुद्रफेन, म्हणजे माकुलाचं हाड. टबात टाकून ठेवा, हवं तेव्हा कुरतडतं. स्वस्त आणि मस्त.

सातवी: अन्न बदलून बघणं

लोक सुरुवातच इथून करतात, मी मुद्दाम सातवी ठेवली. थंड, कोरड्या, न दिसणाऱ्या कासवाला काहीही वाढा, उपयोग नाही.

वरचं सगळं जमलं असेल तर हलणारी गोष्ट द्या. कुंडीतलं, खत-औषध न मारलेलं गांडूळ हे माझं हुकमाचं पान. घमेल्यात वळवळलं की तीन आठवड्यांचा उपवास एका झटक्यात सुटतो. ते जमत नसेल तर बाजारातली ताजी बारीक कोलंबी, कवचासकट, न मीठ लावलेली. सुकट आणि सोडे नकोत, मीठ असतं. नेहमीचे दाणे कोलंबीच्या पाण्यात भिजवून दिले तर वासाने फसतात. खायला लागल्यावर किसलेला लाल भोपळा, गाजर. पालक रोज नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. दूध, पोळी, भात, बिस्किट, कधीच नाही.

अर्ध्या तासात खाल्लं नाही तर काढून टाका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. सकाळी, शेकून झाल्यावर.

आठवी, आणि इथून पुढे आपलं काम संपतं

सहाव्या वर्षी बंड्या दुसऱ्यांदा पडला, टब चढून. खरचटलं होतं, बाकी काही नाही. पाणी २७, बल्ब, ऊन, गांडूळ, सगळं झालं. सतरा दिवस अन्न नाही, आणि सारखी चढायची धडपड, रात्रीसुद्धा. एका डॉक्टरने टॉनिक दिलं, दुसऱ्याने एक्स-रे काढला. फिल्मवर पोटात सात पांढरे गोल. नर जवळ नसतानाही मादी अंडी घालते, ती फलित नसतात एवढंच. त्या अंड्यांसाठी जागा शोधत बंड्या टब चढत होता. म्हणजे अंड्यांमुळे पडला होता, पडल्यामुळे खाणं बंद झालं नव्हतं. मोठ्या टोपलीत ओलसर वाळू-माती कवचाच्या लांबीपेक्षा खोल भरून दिली, तिसऱ्या रात्री सगळी घातली, चौथ्या सकाळी हात चावायला आला.

तुमच्याकडे मादी असेल, म्हणजे पुढची नखं आखूड आणि शेपटी लहान असेल, तर हे डोक्यात ठेवा. टोपली देऊनही अंडी आली नाहीत आणि मलूल झाली, तर अंडी अडकली आहेत. खडी गिळणं, मूतखडा, आतला मुका मार, हे सगळं एक्स-रे आणि रक्त तपासणीशिवाय कळत नाही.

मोठं कासव, पाणी आणि ऊब नीट होऊन दोन आठवडे झाले, तरी खात नाही, तर थांबा आणि डॉक्टरकडे न्या. फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: “तुम्ही कासवं बघता का? एक्स-रे काढता का?” अडखळले तर दुसरा नंबर लावा. राग मानायचं काही नाही, कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर असणं वेगळं. ठाणे-नवी मुंबईत कोणी सापडलं नाही तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथेही आधी फोन करून कासवं बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारून निघा.

नेताना पाण्यात घालून नेऊ नका, हिंदकळण्यात अशक्त कासव बुडतं. भोकं पाडलेला डबा, तळाला ओलसर टॉवेल. लोकलने जाणार असाल तर गर्दीची वेळ टाळून, डबा मांडीवर. रिक्षात पायाशी नको, तिथे इंजिनाची धग येते. आणि हात साबणाने धुवा, प्रत्येक वेळी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असतो, लहान मुलांना त्याचे जुलाब होतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायलाच बंदी घातली.

एक फोन असाही येतो: “ताई, आमच्याने होत नाही, मासुंदा तलावात सोडून देऊ का? तिथे मोकळं राहील.” किंवा उपवनला. नको. आजारी असेल तर तिथे मरेल, आणि बरं झालं तर आपल्या तळ्यातल्या कासवांची बसायची जागा आणि खाणं बळकावेल. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत हे आहे. जमत नसेल तर प्राणीसंस्थेकडे द्या, नवं घर शोधा.

खायला लागल्यावर पहिला आठवडा हात आखडता घ्या. एका वेळी त्याच्या डोक्याएवढं अन्न, एक दिवसाआड. इतक्या दिवसांच्या उपवासाचा वचपा काढायला ते मागेल, देऊ नका. हीटर होळीपर्यंत काढू नका, जखमेचं कवच पूर्ण जुळायला काही महिने लागतात. खाल्ल्यानंतर काही दिवसांत शी दिसली पाहिजे, म्हणजे आतलं सगळं सुरू झालं. आठवडाभर खाऊनही दिसली नाही तर कळवा. दिसली तर कागदावर तारीख टाका. फोटो पाठवायची गरज नाही, माझ्या फोनमध्ये आधीच खूप आहेत.